दर्या पास, दऱ्या नापास

तिला ‘खोडरबर’ हे नाव मी ठेवलं नाही. ते पाचवी ‘ब’ने ठेवलं. मी ते थांबवलं नाही, एवढाच माझा गुन्हा.

नाव मात्र चपखल होतं. ही मुलगी उत्तर लिहायची, मान तिरकी करून त्याच्याकडे पाहायची, मग हळूच शेजारणीच्या वहीत डोकवायची आणि स्वतःचं उत्तर खोडायची. पुन्हा लिहायची, पुन्हा खोडायची. कागद आधी पातळ व्हायचा, मग लवलवीत, मग भोक. एकदा मी तिची वही खिडकीशी धरली, तर चौथ्या गणिताच्या जागी मला मैदानावरचा झोपाळा दिसला.

“उत्तर बरोबर होतं की गं तुझं,” मी म्हटलं. “खोडलंस कशाला?”

“शेजारचीचं वेगळं होतं, बाई.”

“तिचं चुकलं होतं.”

“हो, पण ती खोडत नव्हती ना.”

मी बत्तीस वर्षं शिकवलं, पण खोडण्याचं असं कारण दुसऱ्या कुणी दिलं नाही.

त्या मुलीने आता चाळिशी ओलांडली आहे. माझ्या घरामागे दोन गल्ल्या सोडून राहते. नवऱ्याचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे, आणि माझ्या नाकावर सध्या जो चष्मा आहे तो त्यानेच दिलेला. सासूबाई एके काळी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. अजूनही फोन उचलला की आधी स्वतःचा नंबर सांगतात आणि मग “बोला” म्हणतात. घर तीन खोल्यांचं, पण नीटनेटकं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काय कुठे आहे ते डोळे मिटून सांगता येईल. आमची खोडरबर या सगळ्यांत काय करते हे मात्र मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

“मी कंपायलर बनवते, बाई,” एकदा दुकानात भेटली तेव्हा ती म्हणाली.

“म्हणजे काय करतेस?”

“माणूस लिहितो ते यंत्राला कळत नाही. यंत्राला कळतं ते माणसाला वाचवत नाही. मध्ये दुभाष्या लागतो. तो दुभाष्या आम्ही घडवतो.”

“आणि तो चुकला तर?”

“तर सगळे आम्हाला शिव्या देतात,” ती हसत म्हणाली. नवरा भिंग पुसत म्हणाला, “आणि नाही चुकला तर कुणाला आठवणसुद्धा होत नाही. चष्म्यासारखंच आहे.”

त्यांचा हा दुभाष्या शाळेतल्या मुलांसाठी होता. मुलांनी आपल्या भाषेत यंत्राला सूचना लिहायच्या आणि यंत्राने त्या ऐकायच्या. सूचना मराठीत लिहिता यायच्याच, पण त्यांत येणाऱ्या गोष्टींना नावं द्यायची झाली की ती इंग्रजी अक्षरांत द्यावी लागत. ‘बेरीज’ हे नाव हवं असेल तरी अक्षरं परकी. खोडरबरने ठरवलं होतं की हे बदलायचं. मुलाला ‘बेरीज’ म्हणायचं असेल तर त्याने ‘बेरीज’च लिहावं. या एका गोष्टीवर ती दोन वर्षं बसली होती.

ऑफिस म्हणजे तसबिरींना चौकटी करून देणाऱ्या दुकानाच्या वरची एक लांबट खोली. जिन्यात कायम पॉलिशचा वास. खोलीत अवघी तीन माणसं. एक आमची ही. दुसऱ्या ताई. त्या सगळ्यांच्या वरच्या, म्हणून सगळे त्यांना ताई म्हणतात. वयाने त्या खोडरबरपेक्षा चार वर्षांनी लहान आहेत. आणि तिसरा एक उंच, दाढीवाला, सदा चप्पल काढून बसणारा माणूस, ज्याला दोघी ‘वगळ्या’ म्हणतात. कोणतीही अडचण आली की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: “वगळू या ना ते.”

माणसांखेरीज त्या खोलीत तीन जावा राहत.

पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, कंपायलरवाल्यांची काहीतरी खास भाषा असेल. वगळ्याने सांगितलं की एक नवा मुलगा नोकरीसाठी भेटायला आला होता, त्याचाही असाच घोटाळा झाला. “आमच्या तीन जावांना सांभाळता येईल का?” असं ताईंनी विचारल्यावर तो बिचारा म्हणाला, “मॅडम, मला एकच जावा येते, पण ती चांगली येते.” त्याच्या डोक्यात त्या नावाची संगणकाची भाषा होती. ताईंच्या डोक्यात होत्या एकाच घरात नांदणाऱ्या तीन सुना.

कारण त्यांचा कंपायलर तीन वेगवेगळ्या वळणांच्या यंत्रांवर चालायला हवा होता, आणि एकीला जे रुचेल ते दुसरीला रुचत नसे. थोरली जाऊ म्हणजे टेबलाखाली घरघरणारा राखाडी डबा. वय झालेलं, पण स्वभावाने सरळ. मधली म्हणजे बिजागरीला चिकटपट्टी लावलेला लॅपटॉप, प्रत्येक गोष्टीला “नक्की का?” विचारणारी. आणि धाकटी. दिसायला देखणी, सडपातळ, पण कपाटातल्या वस्तू आपल्याच पद्धतीने घड्या घालून ठेवणारी. तिघींवर रोज सगळ्या चाचण्या चालत. पडद्यावर तीन चौकोन होते. हिरवा म्हणजे सगळं पास, तांबडा म्हणजे कुठेतरी नापास.

मी या घरात शिरले ती शब्दांमुळे. खोडरबर एक दिवस घरी आली आणि म्हणाली, “बाई, मला अवघड शब्दांची यादी हवी. तुम्ही शुद्धलेखनाला घालायचात तसल्या. पोरं काय वाट्टेल ते नाव देतील, माझ्या कंपायलरला सगळी पचली पाहिजेत.”

माझ्या आयुष्यात इतक्या आनंदाने मी गृहपाठ केला नव्हता. एकशे चाळीस शब्द काढले. जोडाक्षरं, अनुस्वार, विसर्ग, काही म्हणजे काही सोडलं नाही. मग तिथले लोक म्हणाले, पोरांचं काही चुकलं की कंपायलर ज्या सूचना देतो त्या फार कोरड्या आहेत, त्याही बघा. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी मी त्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून कंपायलरची भाषा सुधारू लागले.

लिंकर नावाचा प्राणी मला तिथेच भेटला.

“तो म्हणजे तुमची हजेरी, बाई,” खोडरबरने समजावलं. “एका फाइलीत लिहिलेलं असतं, मला अमुक हवाय. तो अमुक दुसऱ्याच फाइलीत बसलेला असतो. लिंकर सगळी नावं पुकारतो आणि ज्याला जो हवा त्याच्याशी जोडून देतो. एखाद्या नावाला कुणी ‘हजर’ म्हटलं नाही की काम ठप्प.”

“आणि एका नावाला दोघं उठले तर?”

“तर तो जास्त भडकतो.”

हे ऐकून मी गैरहजर नावाची सूचना अशी लिहिली: ‘अमुक हे नाव पुकारलं, पण कोणी हजर म्हणालं नाही. हजर असलेली नावं खाली दिली आहेत.’ ताईंना ती आवडली. वगळ्या म्हणाला, “खालची यादी वगळू या ना, कोण वाचतं?” पण ती राहिली.

आता त्या गुरुवारची गोष्ट.

मी जिना चढून वर गेले तर खोलीत कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही. पडद्यावर थोरली हिरवी, मधली हिरवी, धाकटी तांबडी. सोमवारी माझी एकशे चाळीस शब्दांची यादी चाचण्यांत घातली होती. प्रत्येक शब्दाच्या नावाची एक छोटी फाइल, आणि त्या सगळ्यांना नावाने हाक मारणारी एक मोठी फाइल. मंगळवारपासून धाकटी तोंड फुगवून बसली होती. आणि शुक्रवारी दुपारी बारा वाजता कंपायलरची नवी आवृत्ती सहा शाळांकडे जायची होती. पुढची आवृत्ती थेट एका वर्षाने.

“मी तुला तेव्हाच सांगितलं होतं,” ताई खोडरबरला म्हणत होत्या. आवाज चढलेला नव्हता, पण मऊही नव्हता. “उद्या बाराला तिघी हिरव्या पाहिजेत. नसतील तर तुझा भाग काढून बाकीचं पाठवायचं. मुलं आणखी एक वर्ष इंग्रजी अक्षरांत नावं लिहितील. मला आवडणार आहे का ते? पण अर्धवट काम मी शाळेत नाही पाठवणार.”

“धाकटीवर ती टेस्ट वगळू या ना,” वगळ्या म्हणाला. “तिघीही हिरव्या.”

“आणि ज्या शाळेत धाकटीसारखी यंत्रं असतील तिथल्या पोरांनी काय करायचं?” खोडरबर म्हणाली. “तीही वगळायची?”

मी खुर्ची ओढून तिच्या मागे बसले. दोन दिवसांत तिने काय काय करून पाहिलं होतं ते तिने भराभर सांगितलं. आधी वाटलं, जुन्या बिल्डचे, म्हणजे मागच्या बांधणीचे, उष्टे तुकडे राहिले असतील. म्हणून सगळं पुसून पहिल्यापासून केलं. (“हे हिचं आवडतं काम,” वगळ्याने पुरवणी जोडली.) मग वाटलं, फाइली लिंकरला कोणत्या क्रमाने दिल्या ह्याने फरक पडत असेल, काही लिंकर एकदाच पुढे जातात, मागे वळून बघत नाहीत. म्हणून क्रम उलटासुलटा केला. काही नाही. धाकटीचं एकच पालुपद.

“बघू तरी काय म्हणते,” मी म्हटलं.

तिने पडदा माझ्याकडे वळवला. माझंच वाक्य होतं: ‘‘तऱ्हा’ हे नाव पुकारलं, पण कोणी हजर म्हणालं नाही. हजर असलेली नावं खाली दिली आहेत.’ खालच्या यादीत तिसरं नाव होतं: तऱ्हा.

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. तऱ्हा.

“अगं, हा तर समोर बसलाय!”

“तेच तर, बाई!” तिने दोन्ही हात डोक्याला लावले. “समोर बसलाय, नाव पुकारलं जातंय, आणि हा गप्प! शाळेत असतात ना असे, तसा.”

“शाळेत असे असतात ते खिडकीबाहेर बघत असतात,” मी म्हटलं. “याचं काय?”

पडद्याच्या कोपऱ्यात आणखी एक छोटी चौकट उघडी होती. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचू नये हे मी मुलांना सांगत असे. मला स्वतःला ते कधी जमलं नाही. त्यात लिहिलं होतं: ‘ताई, या वेळी माझा भाग काढून टाकावा असं मला वाटतं. पुढे कधीतरी.’ लिहिलेलं होतं, पाठवलेलं नव्हतं.

तिने माझी नजर पाहिली आणि चौकट खाली सरकवली.

“शेजारच्या दोघी हिरव्या आहेत,” ती हळूच म्हणाली. “माझंच काहीतरी चुकत असणार.”

मला क्षणभर तो झोपाळा दिसला. पण त्रेचाळीस वर्षांच्या बाईला तिच्या ऑफिसात पाचवी ‘ब’ची आठवण करून देणं बरं नव्हे.

मी एवढंच विचारलं, “एकटा तऱ्हाच गैरहजर आहे, की आणखी कुणी?”

“ते माहीत नाही. पहिला गैरहजर सापडला की धाकटी पुढची हजेरी घेतच नाही.”

“मग त्याला वगळा ना,” वगळ्या सवयीने म्हणाला.

खोडरबर त्याच्याकडे वळली. आता हिचा भडका उडणार असं मला वाटलं. पण तिचे डोळे बारीक झाले होते.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “वगळ. फक्त तऱ्हा वगळ. पुढे कोण अडतो ते कळेल.”

वगळ्या इतका चकित झाला की त्याने चप्पल घातली. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला आपण होऊन वगळायला सांगितलं होतं. त्याने तऱ्हा वगळला आणि चाचणी पुन्हा लावली. प्रत्येक खेपेला दहा-बारा मिनिटं. त्यात चहा झाला. दुसरा अडला ‘ऱ्हस्व’. तो वगळला. मग ‘सुऱ्या’. मग ‘वाऱ्यावर’. मग ‘दऱ्या’. मग ‘आचाऱ्यांना’. त्यानंतर धाकटी मुकाट्याने हिरवी झाली.

खोडरबरने सहाही शब्द एका कागदावर एकाखाली एक लिहिले. मग माझी मूळ यादी काढली. त्यात ‘दऱ्या’च्या शेजारीच मी ‘दर्या’ दिला होता, आणि ‘आचाऱ्यांना’च्या शेजारी ‘आचार्यांना’. ही माझी जुनी जोडी. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खाचा. आचार्यांना म्हणजे गुरुजींना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. एका ‘र’च्या फरकाने विद्वानाच्या हातात झारा येतो, असं मी वर्गात सांगे आणि सगळा वर्ग खिदळे.

“दर्या पास,” ती बोट फिरवत म्हणाली. “दऱ्या नापास. आचार्य पास. आचारी नापास.” मग एकदम ओरडली, “बाई, हा तुमचा तो र! डोक्यावर बसणारा रफार नाही, बाजूला वाकून उभा राहणारा!”

“माझा कशाला? सगळ्यांचाच आहे,” मी म्हटलं. पण मला बरं वाटलं.

ताई उठून मागे येऊन उभ्या राहिल्या. “चोर सापडला. पण करतोय काय तो? थोरलीवर आणि मधलीवर हाच र आहे, तिथे गुण्यागोविंदाने नांदतोय.”

तोवर साडेपाच वाजले होते. खोडरबरने पिशवी उचलली. ती छोटी चौकट तिने बंद केली नव्हती. ते मी जिना उतरताना मनात धरून ठेवलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. घरचं मला तिच्या सासूबाईंनी सांगितलं आणि ऑफिसातलं तिघांनीही वेगवेगळं सांगितलं. तिघांच्या सांगण्यात फरक फक्त एवढाच की शेवटचं बिस्किट कुणी खाल्लं.

संध्याकाळी जेवायच्या टेबलावर तिने तो सहा शब्दांचा कागद ताटाशेजारी ठेवला होता. नवऱ्याने विचारलं, “आज काय म्हणतोय कंपायलर?” तिने सगळं सांगितलं. पुकारलेला तऱ्हा आणि हजर असलेला तऱ्हा, दोन्ही तिने कागदावर लिहून दाखवले.

“मी दहा वेळा पाहिलं. शंभर वेळा. दोन्ही अगदी सारखे दिसतात.”

“आवाज ओळखीचा आला म्हणजे नंबर तोच असतो असं नाही हं,” सासूबाई म्हणाल्या. “आमच्याकडे रोज व्हायचं.”

नवरा पोळीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाला, “आई म्हणते तसंच. दोन भिंगं शेजारी ठेवली ना, तर मलासुद्धा सारखीच दिसतात. एक सव्वाचं असतं, एक दीडचं. वीस वर्षं झाली धंद्यात, पण नुसतं बघून नाही सांगता येत. म्हणून मी बघतच नाही. मी मोजतो.”

सासूबाईंच्या सांगण्याप्रमाणे सून त्यावर म्हणाली, “तुम्ही हे मंगळवारी का नाही बोललात?” आणि नवरा म्हणाला, “मंगळवारी तू मला विचारलंस कुठे? मंगळवारी तू मला मीठ कमी आहे म्हणालीस.”

शुक्रवारी ती साडेआठलाच ऑफिसात होती. तिने ‘दऱ्या’ हे नाव थोरलीकडून घेतलं आणि त्यात किती खुणा आहेत ते यंत्राला मोजायला लावलं. यंत्र आपल्यासारखं अक्षर अख्खं पाहत नाही, खुणा एकेक करून ठेवतं. द, तो वाकलेला र, पाय मोडण्याची खूण, य, काना. पाच. मधलीकडून घेतलं. पाच. धाकटीकडून घेतलं.

सहा.

वगळ्या आला तेव्हा ती खुर्चीत मागे रेलून एकटीच हसत होती, असं तो म्हणतो. त्याला वाटलं, ताणाने गेली बिचारी कामातून.

“धाकटीने माझा र उसवलाय,” ती म्हणाली. “ये, बघ.”

धाकटीची कपाटातली घडी घालण्याची पद्धत वेगळी, हे मी आधी सांगितलंच. फाइलीचं नाव आपल्या साठवणीच्या कपाटात ठेवताना ती हा एक र सुटा करत होती: साधा र वेगळा आणि त्याच्याखाली द्यायचं टिंब वेगळं. वाचायला काढलं की पडद्यावर दोन्ही एकमेकांत मिसळून पूर्वीसारखाच र दिसायचा. डोळ्यांना फरक शून्य. पण लिंकर डोळ्यांनी हजेरी घेत नाही. त्याने पुकारला मोठ्या फाइलीत लिहिलेला पाच खुणांचा दऱ्या, आणि बाकावर बसला होता सहा खुणांचा दऱ्या. बिचारा ‘हजर’ कसा म्हणेल? त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. इतके दिवस चाचण्यांत ‘बेरीज’, ‘वजाबाकी’, ‘एकूण’ असली सालस नावं होती. हा र त्यांत कुठेच नव्हता. तो माझ्या यादीतून आत शिरला.

यात कंपायलरने करायचं ते थोडकंच होतं. नाव कुठूनही आलं तरी आत घेताना ते एका साच्यात आणायचं, मगच हजेरीला पाठवायचं. एका ओळीचं काम. ती ओळ कुठे घालायची ते शोधत तिने फाइल उघडली. वगळ्या मागून बघत होता. अचानक तो म्हणाला, “थांब. ही जागा मला ओळखीची वाटते.”

या लोकांची कामाची एक वही असते. यंत्रातच असते. कुणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ घातली, कोणती काढली आणि का, याची त्यात नोंद होते. ओळ खोडली तरी ती वहीत तशीच राहते, तारखेसकट. वगळ्याने त्या फाइलीची वही मागे मागे उलटली. चौदा महिने मागे गेल्यावर थांबला.

तिथे तीच ओळ होती. अक्षर न् अक्षर. शेजारी टीप: ‘फाइलींची नावं एका साच्यात आणणे. कोणत्यातरी यंत्रावर ती सुटी होऊन येऊ शकतात.’ लिहिणारी: खोडरबर. आणि दोन दिवसांनी तीच ओळ खोडलेली. टीप: ‘गरज दिसत नाही.’ खोडणारी: खोडरबर.

“मी लिहिली होती ही?” ती पाहतच राहिली. तिला काहीही आठवत नव्हतं. खोडलेल्या ओळी लक्षात ठेवायच्या तर तिला दुसरं डोकं घ्यावं लागलं असतं.

वगळ्याने दाढीत बोटं घातली. “मला आठवतंय. मीच म्हणालो होतो. ओळ नसतानाही सगळं हिरवं आहे, मग कशाला, वगळू या. तू म्हणालीस, पण कधीतरी लागेल. मी म्हटलं, लागेल तेव्हा बघू.” मग दाढीतून बोटं काढून तो म्हणाला, “लागली.”

तोवर ताई आल्या होत्या. घड्याळात अकरा वाजून पंधरा मिनिटं झाली होती. त्यांनी सगळं उभ्या उभ्याच ऐकलं. खोडरबरने ती ओळ पुन्हा लिहायला बोटं कीबोर्डवर ठेवली.

“नवी लिहू नकोस,” ताई म्हणाल्या.

“का?”

“चौदा महिन्यांपूर्वी बरोबर लिहिलेलं आहे. तेच वहीतून परत आण. तुझ्या तेव्हाच्या टिपेसकट. आणि खाली लिही की खोडणं चुकलं होतं.”

“कुणाचं चुकलं ते लिहू?” वगळ्याने पडेल आवाजात विचारलं.

“दोघांचं,” खोडरबर म्हणाली. “तू म्हणालास, पण हात माझा होता.”

ओळ परत आली. वगळलेले सहा शब्द परत आत घेतले. चाचण्या लावल्या तेव्हा अकरा वीस झाले होते. थोरलीला चौदा मिनिटं लागतात, मधलीला सोळा. धाकटीला एकशे चाळीसही नावं पुकारून सगळं संपवायला अर्धा तास लागतो, तोही तिची मर्जी असेल तर. थोरली हिरवी झाली. मधलीने दोनदा “नक्की का?” विचारलं आणि हिरवी झाली. मग तिघं धाकटीकडे बघत बसली. ताई नखं कुरतडत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी टेबलावरचे सगळे कागद तीनदा नीट लावले. बिस्किटं याच वेळात संपली.

अकरा त्रेपन्नला धाकटी हिरवी झाली.

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. वगळ्या म्हणाला, “आता चप्पल काढतो.” ताईंनी बाराला पाच कमी असताना आवृत्ती शाळांकडे पाठवली, खोडरबरचा भाग आत ठेवून. मग त्यांनी विचारलं, “तुझ्या कोपऱ्यात कालपासून एक चौकट उघडी आहे. मला काही पाठवायचं होतं का?”

“नाही,” खोडरबर म्हणाली, आणि तिने ते पत्र खोडलं. ते वहीत नव्हतं, त्यामुळे ते खरोखरच गेलं.

पुढच्या गुरुवारी मी जिना चढले तेव्हा माझ्यासाठी काम तयार होतं. आता ओळ परत आली असली तरी कधीतरी, कुठल्यातरी अनोळखी यंत्रावर असे जुळे भेटणारच, म्हणून तिने एक नवी सूचना स्वतः लिहिली होती. मला फक्त भाषा बघायची होती. सूचना अशी: ‘हे नाव पुकारलं, पण कोणी हजर म्हणालं नाही. अगदी असंच दिसणारं एक नाव हजर आहे, पण ते वेगळं आहे. मोजून पाहा.’

मला ‘मोजून’ खटकलं. मुलं काय मोजणार? मी पेनाने कागदावर तिथे ‘तपासून’ केलं आणि कागद तिच्याकडे सरकवला.

तिने मान तिरकी केली. माझ्या शब्दाकडे पाहिलं, स्वतःच्या शब्दाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. ही नजर मला पाठ होती. आता काय होणार हेही मला पाठ होतं. मी तेवढ्यापुरती मनात हळहळलेसुद्धा.

“नाही, बाई,” ती म्हणाली. “मोजूनच राहू दे. तपासा म्हटलं की लोक नुसते बघतात. बघून काही उपयोग नाही यात. शिवाय किती खुणा आहेत ते मी खाली आकड्यांत देणार आहे.”

मी विचार केला. तिचं बरोबर होतं.

“मग माझा शब्द काढते,” मी म्हटलं. “खोडरबर आहे का गं?”

वगळ्या फिसकन हसला. ताई पडद्याआड तोंड लपवून बसल्या.

“आम्ही ठेवतच नाही, बाई,” ती म्हणाली.

मग मी माझ्या ‘तपासून’वर पेनानेच एक आडवी रेघ मारली.